जावकरावांची दोनेक रोपं

सोसायटीच्या सभेत अकरा वर्षं गप्प बसलेल्या माणसाने बाराव्या वर्षीही गप्पच बसावं. हे शहाणपण जावकरावांना सुचलं, पण सभा उठल्यावर.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि पाटी कुणी वाचत नसे. पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक विभागात जावकच्या टेबलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या कागदावर क्रमांक घालायचा, लखोटा चिकटवायचा आणि कागद मार्गी लावायचा, एवढंच काम. बिल्डिंगने त्यांना जावकराव केलं आणि निवृत्तीनंतरही ते पद काढून घेतलं नाही.

सभेत विषय क्रमांक सात होता वृक्षारोपण. बिल्डिंगच्या मागून नवा रस्ता निघाला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावायचं प्रभाग कार्यालयाने ठरवलं होतं. खड्डे त्यांनी खणायचे, रोपं नागरिकांनी द्यायची. कोण किती देणार, असं सेक्रेटरींनी विचारलं. असं विचारल्यावर कुठल्याही सभेत जे होतं तेच झालं. अठरा बिऱ्हाडांनी मिळून पंख्याकडे बघितलं. जावकरावांना त्या दिवशी सकाळीच कोरफडीच्या कुंडीत करंजाचे दोन कोंब आपोआप उगवलेले दिसले होते. ते काढून फेकायचेच होते, त्यापेक्षा देऊन टाकावेत, असा त्यांनी हिशेबी विचार केला आणि अर्धवट उठून म्हणाले, "दोनेक रोपं देईन मी." नेमकी तेव्हाच कुणीतरी लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढली. सेक्रेटरींना जे ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं. टाळ्या झाल्या. दोन रोपांना एवढ्या टाळ्या जरा जास्तच, असं जावकरावांना वाटून गेलं. पण टाळ्या वाजत असताना माणूस फार खोलात शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर लागलं, 'सदनिका क्रमांक सात यांजकडून दोनशे रोपे सप्रेम भेट.'

चूक दुरुस्त करायला जावकराव ताबडतोब तळमजल्यावर निघाले. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत माणसाला किती वेळ लागावा? त्यांना पाऊण तास लागला, कारण जिन्यात सगळे अभिनंदन करत होते. पहिल्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी तर हात हातात घेऊन सोडलाच नाही. हे प्राध्यापक आयुष्यभर इतिहास शिकवत आले होते, म्हणजे जे होऊन गेलं त्याबद्दल बोलण्याचा त्यांना सराव होता. ते म्हणाले, असा माणूस आपल्या जिन्यात राहतो हे आम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही. जावकरावांनाही ते कळलं नव्हतं. सेक्रेटरींच्या दारापर्यंत पोचेतो ते एवढे मोठे झाले होते की तिथून खाली उतरणं अवघड होतं. तरी धीर करून त्यांनी विषय काढलाच. सेक्रेटरी म्हणाले की प्रभाग कार्यालयाला पत्र सकाळीच गेलं, जावक क्रमांकासह.

जावक क्रमांकासह. जावकराव मुकाट्याने परत फिरले. क्रमांक पडला की कागद खरा, मजकूर काहीही असो, हे त्यांनीच एकतीस वर्षं लोकांना तोंडावर सांगितलं होतं.

त्यांची पत्नी सरकारी इस्पितळात सिस्टर होती आणि अजून नोकरीत होती. आठ तास वॉर्डात उभी राहून घरी आली की ती कमी शब्दांत बोलत असे. दोनशेचा आकडा ऐकून तिने पायांतल्या चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आपण माणसं दोन आहोत." एवढं बोलून तिने डोळे मिटले.

रोप लावायला पिशवी लागते. जावकरावांनी घरोघरी सांगून रिकाम्या दुधाच्या पिशव्या मागितल्या. लोकांनी त्या उदारपणे दिल्या, फक्त धुतल्या नाहीत. दोनशे पिशव्या जमेपर्यंत बिल्डिंगमध्ये नऊ मांजरं राहायला आली आणि त्यांतली चार कायमची राहिली. मग माती. शहरात सगळं मिळतं, माती मिळत नाही. जिकडेतिकडे फरशी घातलेली. एका इमारतीचा पाया खणणाऱ्या ठेकेदाराने गाडीभर माती फुकट पाठवली. ती सेक्रेटरींच्या मोटारीच्या मागे ओतली गेली, त्यामुळे सेक्रेटरी तीन दिवस पायी कामाला गेले. चाळून बघितल्यावर त्या गाडीत निम्म्या विटा, एक नळाची तोटी आणि कुणाचा तरी एक बूट निघाला. चाळण घरची होती. ती नंतर पिठाला वापरायची की नाही यावर घरात जे बोलणं झालं ते फार लांबलं नाही, कारण बोलणारं एकच होतं.

शेणखत आलं त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगने खिडक्या लावून घेतल्या. दानशूर माणसाबद्दलचा आदर वासापुढे किती टिकतो, ते जावकरावांना त्या आठवड्यात कळलं.

बियांचा सल्ला प्राध्यापकांनी दिला. करंज, बहावा आणि जांभूळ, तीनच लावा. आपोआप येतात, राबवत नाहीत. त्यांतला बहावा आपोआप आला नाही. त्याची बी दगडासारखी. ती घासून पातळ केल्याशिवाय तिच्यात पाणी शिरत नाही. जावकराव चार दिवस गच्चीच्या दारात बसून पॉलिशपेपरवर एकेक बी घासत होते. बी घासली जायची थोडी आणि बोटं जास्त. शिवाय प्राध्यापकांचं म्हणणं पडलं की निम्म्या बिया वाया जातात, म्हणून एका पिशवीत दोन टाकाव्यात. इतिहासात निम्मे लोक वाया जात असतील, बिया गेल्या नाहीत. सगळ्या उगवल्या. जांभळाने तर कहर केला. त्याच्या दहाएक बियांमधून दोन-दोन, कुठे तीन रोपं वर आली. ही जांभळाची जुनीच खोड आहे, असं प्राध्यापकांनी नंतर पुस्तकात बघून सांगितलं.

जास्तीची रोपं उपटून टाकावीत, असं कुणीही म्हणालं असतं. जावकराव त्यासाठी गच्चीवर गेलेही. चिमटीत एक कोंब धरला. त्याला दोन पानं होती आणि डोक्यावर बीचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं होतं. ते खाली आले आणि बायकोला म्हणाले की एका खाटेवर दोन पेशंट चालत नाहीत का? ती म्हणाली, "मी तीन-तीन बघितलेत. पण मग खाटा वाढवाव्या लागतात." तर खाटा वाढवल्या. आणखी पिशव्या, आणखी मांजरं. शेवटी मोजली तेव्हा चारशे बारा रोपं भरली.

वृक्षारोपणाची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. ती प्रमुख पाहुण्यांच्या सवडीसाठी पुढे गेली. मग निवडणूक लागली आणि आचारसंहितेच्या काळात झाड लावणं हे मतदाराला आमिष होतं की नाही, यावर वरून खुलासा मागवण्यात आला. खुलासा आला तेव्हा निवडणूक संपली होती आणि पाऊसही. कार्यक्रम पुढच्या वर्षावर गेला. हे सगळं रोपांना कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ती वाढत राहिली.

जावकराव स्वतः प्रभाग कार्यालयात गेले. कार्यक्रम होईल तेव्हा होवो, रोपं आधी ताब्यात घ्या, एवढंच मागणं होतं. आवकच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, तोही उलटा, आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. जावकराव त्या हाताकडे बघत राहिले. अंगठ्याने गठ्ठा उचलायचा, खालून कागद सारायचा आणि समोरच्याकडे बघून हसायचं. ही हातोटी यायला दहा वर्षं लागतात, या पोरीला ती दोन वर्षांत आली होती. त्या गठ्ठ्याच्या तळाशी गेलेला कागद परत आलेला त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. उद्या या, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य कोणत्या सुरात म्हणतात तेही त्यांना पाठ होतं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांना आठवू लागलं की आपण हे कुणाकुणाला म्हणालो होतो. बरेच चेहरे आठवले. त्या दिवशी ते घरी चालत गेले.

सहाव्या खेपेला उद्यान निरीक्षक भेटले. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं होती. ते सज्जन होते, त्यांनी नियम वाचून दाखवला. दान केलेलं रोप किमान सहा फूट उंच हवं. जावकरावांची दोन-अडीच फुटांवर होती. निरीक्षक म्हणाले की सहा फुटांखालचं रोप जगत नाही असा खात्याचा अनुभव आहे.

"पण सहा फुटांचं व्हायला आधी ते जगायला हवं ना?" जावकराव म्हणाले.

"हो, ते तुमच्याकडे," निरीक्षक म्हणाले.

इकडे चारशे बारा पिशव्या गच्चीवर होत्या आणि गच्चीखाली वकील राहत होते. वकील एकटेच असत. जिन्यात भेटले तर मानेने नमस्कार करत आणि तोही मोजून. एका सकाळी त्यांच्या छताला ओल आली. मुळं पिशव्या फाडून गच्चीच्या गिलाव्यात शिरली होती. वकिलांनी खाली येऊन तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. एक मजला खाली असलेल्या जावकरावांना त्यांनी टपालाने नोटीस पाठवली. जावकरावांनीही 'संदर्भ : आपले पत्र' असं वर लिहून, समास सोडून, टपालानेच उत्तर दिलं. नोकरी सुटल्यापासून इतकं नेटकं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. चार नोटिसा गेल्या, चार उत्तरं गेली. पोस्टमन मात्र दोघांनाही एकदा नीट विचारून गेला की तुमचं आपसांत बोलणं नाही का?

मुळं कापून रोपं गच्चीवरून हलवावी लागली. ती जिन्यात आली. प्रत्येक पायरीवर एक, प्रत्येक मजल्याच्या चौकात तीसचाळीस. जिन्यातून जाणाऱ्याला आता अंग चोरून जावं लागे आणि घंटेचं बटण पानांत शोधावं लागे. पाणी घालायचं तर बादलीने. आणि पाणी सकाळी तासभरच येई. जावकराव खालून वर आणि त्यांची बायको ड्यूटीला जायच्या आधी वरून खाली, असे दोघं रोज मधल्या मजल्यावर भेटत. कुणी काही बोलत नसे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी भरलेली बादली घेऊन जिना चढताना बोलण्यासारखं काही सुचत नाही.

वर्षाने एकदाचा वृक्षारोपणाचा दिवस उजाडला. निरीक्षकांनी उंचीकडे काणाडोळा केला, कारण दुसरं कुणीच रोपं दिली नव्हती. जावकरावांनी धुतलेला शर्ट घातला. रस्त्यावर मंडप होता, माइक होता आणि खड्डे चाळीस होते. बाकीचे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाकीच्यांची निविदा निघायची आहे असं कळलं. प्रमुख पाहुण्यांनी लावायचं झाड दुकानातून आलं होतं. पुरुषभर उंच, फीत बांधलेलं. त्याला पाहुण्यांनी झारीने पाणी घातलं. जावकरावांची चाळीस रोपं कामगारांनी खड्ड्यांत टाकली आणि एक बहावा तर पिशवीसकट टाकला. ते बघून जावकरावांना राहवलं नाही. ते पिशवी सोडवायला धावले, वाकले आणि तेवढ्यात फोटो निघाला. वर्तमानपत्रात तो आला. त्यात पाहुणे होते, सेक्रेटरी होते, फीत होती आणि मधोमध जावकरावांची पाठ होती. नीट सांगायचं तर पाठीच्या जरा खालचा भाग.

दहा दिवसांनी जलवाहिनीवाल्यांनी तो रस्ता खणला. चाळीसच्या चाळीस गेली.

जिन्यात तीनशे बहात्तर उरली होती. सोसायटीने खास सभा बोलावून महिन्याची मुदत दिली. जिना मोकळा झाला नाही तर सोसायटी रोपं कचऱ्याच्या गाडीत देणार. ठराव एकमताने झाला. टाळ्या वाजल्या नाहीत, पण वर्षापूर्वी ज्या हातांनी वाजवल्या होत्या तेच वर झाले. प्राध्यापकांचा हात सगळ्यांत आधी.

जावकरावांनी फाटकाशी टेबल टाकलं आणि 'रोपे मोफत' अशी पाटी लावली. लोक थांबत, पाटी वाचत आणि फुकट का, असं विचारत. एकाने विचारलं, कुठल्या कंपनीतर्फे? एका बाईंनी एक करंज नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. म्हणाल्या, पान गळलं. नातेवाइकांनी येणं सोडलं, कारण या घरातून कुणी हात हलवत बाहेर पडत नसे. दर रविवारी जेवायला येणारा मेहुणा यायचा बंद झाला. वर्षभराच्या खटाटोपातला हा एकच निव्वळ फायदा, असं जावकरावांचं मत होतं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

त्याच सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा ते जिन्यातच पायरीवर बसले होते, रोपांच्या मधे. तीही वर जायची थांबली आणि पिशव्या बाजूला सारून दोन पायऱ्या खाली टेकली. जावकराव म्हणाले, "अगं, मी दोनशे म्हणालोच नव्हतो. दोनेक म्हणालो होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी मागच्या रांगेतच होते."

"मग बोलली का नाहीस?"

ती पायाची बोटं दाबत होती. "टाळ्या वाजत होत्या. तुमच्यासाठी मी आजवर कधी ऐकल्या नव्हत्या. म्हटलं, राहू दे."

जावकराव उठले आणि त्यांनी तिची पिशवी घेतली.

आणि मग चोरी सुरू झाली.

सोमवारी तिसऱ्या मजल्याच्या चौकातली दोन रोपं कमी होती. बुधवारी आणखी तीन. शुक्रवारी दोन जांभळं, तीही निवडून घेतलेली, सरळ खोडाची. दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. जावकराव संतापले. वर्षभर ज्या वस्तूसाठी ते लोकांच्या पाया पडत होते ती न विचारता नेली, हा त्यांना अपमान वाटला. दान वेगळं आणि चोरी वेगळी. ते पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने वही उघडली आणि गेलेल्या मालाची किंमत विचारली. मोफत वाटत होतो, असं यांनी सांगितलं. हवालदाराने वही मिटली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी पिणार का, असं विचारलं. मग तुम्ही वाटलंत आणि त्याने नेलं, भांडण कशाचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते खरंही होतं.

तेव्हा जावकराव स्वतःच दाराच्या भोकाला डोळा लावून बसले. सोमवारी सकाळी साडेनवाला वकील खाली उतरले. काळा कोट, हातात जाड चामडी बॅग. बॅग नीट मिटली नव्हती आणि दाव्याच्या कागदांमधून करंजाचा शेंडा बाहेर डोकावत होता.

वकिलाला जिन्यात अडवून चोर म्हणणं हे साधं काम नाही. पुरावा हवा. जावकरावांनी चपला घातल्या आणि वीस पावलांचं अंतर ठेवून मागे निघाले. वकील दोनदा थांबले. पहिल्यांदा त्यांनी शेंडा आत दाबला. दुसऱ्यांदा तो मोडत तर नाही ना, हे बघून परत बाहेर काढला.

न्यायालयाची इमारत दगडी होती, पण पक्षकारांनी थांबायची जागा तिच्या मागच्या बाजूला होती. एक लांब भिंत, तिच्याकडेला चार बाक आणि वर नुसतं आकाश. तिथे पूर्वी पत्रे होते, ते वादळात उडाले आणि त्यांची फाइल अजून फिरत होती. तीस-चाळीस माणसं उन्हात बसली होती. कुणी डोक्यावर कागदपत्रांची पिशवी धरली होती, कुणी नुसता हात. आणि भिंतीच्या कडेने, अंतर चुकवून, आळी न करता, रोपं लावलेली होती. वकिलांनी बॅगेतून करंज काढला, कोट बाकावर ठेवला आणि कुणाकडून तरी खुरपं घेऊन ते खाली बसले.

"वकीलसाहेब," जावकराव मागून म्हणाले. घरून निघताना ठरवलेलं वाक्य बरंच मोठं होतं, पण समोर गुडघ्यांवर बसलेला माणूस बघून तेवढंच बाहेर पडलं. मग ते म्हणाले, "फार जवळ लावताय. आठ फूट सोडायला हवेत."

वकिलांनी मान वर केली. पकडले गेल्यावर अशिलाने काय करावं, हे ते रोज सांगत. तसंच त्यांनी केलं. काही बोलले नाहीत.

"मागायचं होतंत," जावकराव म्हणाले. "वर्षभर मी माणसं शोधतोय."

"मागितली असती तर तुम्ही तीनशे दिली असतीत."

जावकराव खाली बसले. खुरपं हातात घेऊन त्यांनी आळं केलं आणि विचारलं की पाणी कोण घालतं? प्रश्न खरा हाच होता. रोप लावायला सगळे तयार असतात. मंडपवाले, माइकवाले, पाहुणेसुद्धा. वकिलांनी बाकांकडे हात केला.

"यांना मी एकेक वाटून दिलंय. तारखेला आलं की आधी झाडाला बाटलीभर पाणी, मग माझ्याकडे. रोज कुणाची ना कुणाची तारीख असतेच. तो आपल्याबरोबर शेजारच्यालाही घालतो. इथे आलेला माणूस पंधरा-वीस वर्षं येतो, जावकराव. यापेक्षा खात्रीची माणसं तुम्हाला कुठे मिळणार?"

एक म्हातारा बाटलीचं बूच काढून बहाव्याच्या मुळाशी थेंबथेंब पाणी सोडत होता. त्याचा शेताच्या वाटेचा दावा नववं वर्ष चालला होता. बहावा तरतरीत होता.

पुढे आठ-दहा दिवस बॅगेत दोन-तीन रोपं आणि पाठोपाठ जावकरावांच्या दोन्ही हातांत दोन पिशव्या, अशी ती वरात रोज निघे. भिंतीला मावतील तेवढी लागली. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न वकिलांनी असा सोडवला की प्रत्येक पक्षकाराला परतताना बिल्डिंगवरून पाठवून जिन्यातली पाच-पाच घरी न्यायला लावली. फुकट का, असं कुणी विचारलं नाही. वकिलाने सांगितलेली गोष्ट का करायची हे अशील विचारत नाही. दाव्याला त्याचा काहीतरी उपयोग असणार, असं धरून ते पिशव्या घेऊन एसटीत चढत. बांधावर मात्र लावू नका, असं वकील प्रत्येकाला बजावत. बांधावरच्या झाडांच्या दाव्यांवरच त्यांचं घर आजवर चाललं होतं, पण आता वय झालं, नवं काम नको, असं ते म्हणाले.

मुदतीच्या चार दिवस आधी जिना मोकळा झाला. पायऱ्यांवर पिशव्यांचे गोल डाग तेवढे राहिले. प्राध्यापक म्हणाले की जिना आता ओका-ओका वाटतो. जावकरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. वकिलांची पाचवी नोटीस ठरल्याप्रमाणे आली. ओल ती ओल आणि झाडं ती झाडं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. उत्तर जावकराव आता त्यांच्या हातात नेऊन देत, कारण तसंही रोज भेट होत होती.

मग रोजचं जाणं संपलं. दोन आठवडे ते घरी बसले. पेपर वाचला, एकदा झोपून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात वकिलांनी दार वाजवून सांगितलं की एका पक्षकाराने भावाशी तडजोड केली. माणूस सुटला, पण टोकाचं जांभूळ पोरकं झालं. तिकडे उन्हाचा मारा जास्त आणि शेजारच्यांची बाटली तिथवर पोचत नाही. दुसरा पक्षकार बघेपर्यंत आठवड्यातून दोनदा जमेल का?

जावकराव गुडघ्यांकडे बघून म्हणाले की बघतो. मंगळवारी ते गेले. शुक्रवारीही गेले. बायकोने बाटली भरून दारात ठेवली होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी त्यांनी जांभळाला पाणी घातलं, वाकल्यामुळे कमरेत कळ आली म्हणून बाकाशी आले आणि जागा बघू लागले. बाक भरलेला होता. टोकाला एक म्हातारी बसली होती, मांडीवर कागदांचं गाठोडं. दिराशी सामाईक भिंतीचा तिचा दावा होता आणि ती भिंत मधल्या काळात पडूनही गेली होती. तिने यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमचा कसला खटला?" तिने विचारलं.

"माझा खटला नाही, आजी," जावकराव म्हणाले. "माझं झाड आहे."

"तेच ते," म्हातारी म्हणाली. "कितवी तारीख?"

जावकरावांनी मनात मोजलं. "चौथी."

"नवे आहात मग," असं म्हणून तिने गाठोडं उचललं आणि त्यांना बसायला जागा केली.